साधेपणाचा हिशेब

साधेपणा हा मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचा फार जुना आणि फार लाडका सद्गुण होय. 'साधी राहणी आणि उच्च विचारसरणी' हे वचन कित्येक पिढ्यांनी मुलांच्या कानीकपाळी सांगितले. त्या वचनाचा उत्तरार्ध कितपत साधला याविषयी मतभेद असला, तरी पूर्वार्ध आपल्याला साधला आहे अशी बहुतेकांची प्रामाणिक समजूत असते. या समजुतीचा मुख्य आधार म्हणजे जेवणाचे ताट. ज्याच्या ताटात दोन-चारच पदार्थ असतात, जो जिभेचे फार लाड करीत नाही, ज्याच्या घरी स्वयंपाकाचा बडेजाव नसतो, तो मनुष्य साधा. आणि जो साधा तो बहुधा सज्जन. असा अनुमानाचा एक क्रम नकळत ठरून गेलेला आहे. हा क्रम कितपत निर्दोष आहे, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात आम्हांस विचारावयाचा आहे. पदार्थ साधा असणे आणि तो खाणारा साधा असणे या दोन गोष्टी एकच आहेत काय? आणि त्या एक नसतील, तर साधेपणाचे श्रेय पदरात घेण्यापूर्वी कोणता हिशेब मांडला पाहिजे?

असे प्रश्न निराधार चर्चिले तर शब्दांखेरीज हाती काही लागत नाही. म्हणून एक पदार्थच समोर घेऊ. तो आपल्या घरचा नसावा हे बरे. कारण घरच्या पदार्थाला आईची, आजीची आणि सणावारांची इतकी माया चिकटलेली असते की, त्याची चिकित्सा करताना हात कचरतो. अमेरिकेतील सामान्य गृहस्थाच्या घरी विसाव्या शतकाच्या मध्यापासून चांगला रुळलेला असा एक पदार्थ आहे. कोंबडी आणि अननस एकत्र शिजवून ते वाफाळत्या भातावर वाढावयाचे. याला तेथे 'हवाइयन' कोंबडी म्हणतात. ज्या वाचकांच्या घरी मांस वर्ज्य आहे त्यांनी हे उदाहरण केवळ उदाहरण म्हणून सोसावे; हिशेब शेवटी त्यांच्याही ताटापर्यंत येणारच आहे.

कृती विचाराल तर ती पाच-सहा वाक्यांत संपते. कोंबडीच्या मांसाचे लहान तुकडे करून त्यांना मीठ-मिरपूड लावावी आणि थोड्या तेलावर ते तांबूस होईतो परतावे. त्यातच कांदा व ढोबळी मिरची चिरून टाकावी. अननसाच्या डब्यातील रस, थोडा शिरका, थोडा सोया सॉस आणि चमचाभर साखर घालून उकळी आणावी. मांस शिजले की पाण्यात कालवलेले कॉर्नफ्लॉवर लावावे, म्हणजे रस दाट होतो. अखेरीस अननसाच्या फोडी टाकून भांडे उतरवावे आणि सगळे भातावर ओतावे. अर्ध्या-पाऊण तासात चार माणसांचे जेवण होते. आंबट, गोड आणि खारट या तिन्ही रुचींचा मेळ बरा जमतो, मुले आवडीने खातात, भांडीही फारशी पडत नाहीत. साधेपणाची याहून सोयीस्कर मूर्ती शोधूनही सापडावयाची नाही.

आता या मूर्तीजवळ जरा सरकून पाहू. समजा, डब्यातील अननसाऐवजी बाजारातून ताजा अननस आणला आणि मऊपणा यावा म्हणून मांस रात्रभर त्याच्या कच्च्या रसात मुरत ठेवले. सकाळी त्या मांसाचा लगदा झालेला दिसेल. ताज्या अननसात ब्रोमेलिन नावाचे पाचक द्रव्य असते आणि ते मांसातील प्रथिनांचे तुकडे करते. पुष्कळ अननस खाल्ल्यावर जीभ चुरचुरते, तिलाही हे द्रव्य कारण होते. डब्यातील अननस असा दगा देत नाही. कारण डबाबंद करताना फळाला जी उष्णता दिली जाते तिने ब्रोमेलिन निकामी झालेले असते. म्हणजे ज्या पाककृतीत चुकण्यास जागाच नाही असे वाटते, तिच्यातील जागा आधीच कोणीतरी बुजवून ठेवलेली आहे. फळ पिकविणे, ते तोडणे, सोलणे, त्याचे डोळे व मधला कठीण दांडा काढणे, फोडी करणे, त्या शिजवून डब्यात भरणे ही सारी कामे झाल्यानंतर मग गृहिणीच्या हातात तो डबा येतो. उरलेले काम अर्थातच सोपे. तेव्हा स्वयंपाकघरातील साधेपणा म्हणजे पुष्कळ वेळा श्रमाचा निव्वळ स्थानबदल असतो. श्रम नाहीसे झालेले नसतात. ते नजरेआड गेलेले असतात.

ते कोठे गेले, हे पाहावयाचे तर पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर जावे लागते. अननस हे मूळचे त्या बेटांचे फळ नव्हे. ते दक्षिण अमेरिकेचे. कोलंबसाच्या मंडळींना ते १४९३ साली ग्वादलूप बेटावर दिसले. पोर्तुगीजांनी ते हिंदुस्थानात आणले, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी जहांगीर बादशहाने फिरंग्यांच्या बंदरांतून येणाऱ्या या सुगंधी फळाची आणि आग्र्याच्या बागेत निघणाऱ्या त्याच्या पिकाची नोंद आपल्या आत्मवृत्तात करून ठेवली. आपला 'अननस' हा शब्दही ब्राझीलकडील आदिवासींच्या भाषेतून पोर्तुगीजांच्या तोंडी बसून आपल्याकडे आलेला आहे. हवाईत या फळाच्या लागवडीची पहिली नोंद १८१३ सालची सापडते. तेथील मूळ रहिवाशांचे मुख्य अन्न निराळेच होते. आपण ज्या अळूच्या पानांचे फदफदे करतो त्याच वनस्पतीचा कंद शिजवून, कुटून ते 'पोई' नावाचे लापशीसारखे अन्न करीत.

या बेटांवर स्वतंत्र राज्य होते. १८९३ साली तेथील राणी लिलिउओकलानी हिला गादीवरून दूर करण्यात आले. हे कृत्य मुख्यतः अमेरिकन व युरोपीय वंशाच्या व्यापारी आणि मळेवाल्या मंडळींचे होते, आणि त्या वेळी अमेरिकेचे नौसैनिक बंदरात उतरलेले होते. १८९८ साली बेटे अमेरिकेला जोडली गेली. या प्रकाराबद्दल अमेरिकन काँग्रेसने ठराव करून क्षमा मागितली ती १९९३ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी. बेटे जोडली गेल्याच्या पुढच्याच वर्षी जेम्स डोल नावाचा एक तरुण तेथे आला. राणीच्या पदच्युतीनंतर स्थापन झालेल्या प्रजासत्ताकाचा अध्यक्ष सॅनफर्ड डोल हा त्याचा नातलग होता. जेम्सने १९०१ साली अननस डबाबंद करण्याची कंपनी काढली. १९११ साली त्याने हेन्री जिनाका या यंत्रज्ञास कामावर घेतले, आणि फळ सोलून त्याचा गाभा काढणारे जे यंत्र या माणसाने तयार केले ते पुढे सुधारत जाऊन मिनिटाला शंभराच्या आसपास फळे साफ करू लागले. १९२२ साली कंपनीने लानाई हे जवळजवळ संपूर्ण बेटच विकत घेतले.

यंत्राने सोलणे सोपे केले. परंतु लावणी आणि तोडणी माणसांच्याच हातांनी करावयाची होती. अननसाच्या रोपाला पहिले फळ येण्यास सुमारे दीड ते दोन वर्षे लागतात. त्याच्या पात्यांची टोके टोचणारी असतात, म्हणून भर उन्हातही मजुरांना जाड कपडे, हातमोजे आणि डोळ्यांवर जाळी किंवा चष्मा घालून वाफ्यांतून वाकत हिंडावे लागे. हे मजूर बहुतांशी फिलिपिनो आणि जपानी. होनोलुलूच्या कारखान्यात फोडी निवडण्याच्या व भरण्याच्या रांगांत पुष्कळशा स्त्रिया असत. तेव्हा एका घरातील गृहिणीची सुरी ज्या कामातून सुटली, त्या कामावर दुसऱ्या कोणा गृहिणीची सुरी चालत होती. पहिलीला ही दुसरी कधी दिसली नाही, एवढेच.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. माल पुष्कळ निघू लागला तेव्हा तो खपविणे प्राप्त झाले, आणि खपासाठी मासिकांतून जाहिराती आल्या. १९२५ साली डोलच्या कंपनीने अननसाच्या पाककृतींची स्पर्धा लावली, तेव्हा साठ हजारांच्या घरात कृती आल्या असे सांगतात. डबा आधी आणि पदार्थ मागाहून, असा हा क्रम होता. सोपी कृती ही गृहिणीला वाटते तशी केवळ तिच्या अनुभवातून उगवलेली नव्हती. विक्रेत्याच्या गोदामातील शिल्लक मालाने तिला पुष्कळ खतपाणी घातलेले होते. साधेपणा हीसुद्धा विकता येणारी वस्तू आहे, हे व्यापाऱ्याने नीतिशास्त्रज्ञाच्या आधी ओळखले.

आणि ते 'हवाइयन' नाव! या पदार्थात हवाईचे काय आहे, हे शोधू लागले तर मोठे कौतुक वाटते. अननस बाहेरचा. कोंबडी पॉलिनेशियन दर्यावर्दींनी आपल्या होड्यांतून बेटांवर नेली. तेवढाच काय तो जुना धागा. भात चिनी शेतकऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात, बहुधा पूर्वीच्या अळूच्या खाचरांतच, लावला. सोया सॉसही पूर्व आशियातून स्थलांतर करून आलेल्या लोकांबरोबर आला. अशा मिश्रणाला आम्ही दोष देत नाही. एकादशीच्या दिवशी आपण जी साबुदाण्याची खिचडी पवित्र मानून खातो, तिच्यातील बटाटा, शेंगदाणा आणि मिरची ही सगळी अमेरिका खंडातून आलेली, आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. अन्नाला सोवळे नसते. आमचा आक्षेप नावातील भोळेपणाला आहे. ज्या लोकांचे राज्य गेले त्यांचे नाव पदार्थावर चढले, आणि ते ऐकताच खाणाऱ्याच्या मनात नारळीची झाडे आणि निळा समुद्र येतो. राणी येत नाही, वाफ्यांतून वाकणारा मजूरही येत नाही. पुढे मजुरी व जमीन महागल्यावर अननसाचा धंदाही हवाईतून सरकत गेला. लानाईवरील शेवटची तोडणी १९९२ साली झाली. आज जगाच्या बाजारातील डबाबंद अननस मुख्यतः थायलंड, फिलिपाईन्स आणि इंडोनेशिया येथून येतो. नाव मात्र जुन्याच बेटांचे राहिले आहे.

अननसाचे हे झाले. आता कोंबडीचे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार माणसाळलेल्या कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडे मध्य थायलंडमध्ये मिळाली असून ती तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची आहेत. आणि भाताच्या व भरड धान्याच्या शेतांकडे ओढ घेऊनच रानकोंबडी माणसाच्या वस्तीजवळ आली असावी, असा त्या संशोधकांचा निष्कर्ष आहे. म्हणजे भात आणि कोंबडी ही जोडी ताटात जमण्यापूर्वी शेतात जमलेली होती. या दीर्घ सोबतीत कोंबडी खाणाऱ्याला कोंबडी माहीत असे. ती अंगणात हिंडे, तिला दाणे घालावे लागत, आणि तिच्या मानेवर सुरी चालविण्याचे काम घरच्याच कोणाला तरी करावे लागे. १९४८ साली अमेरिकेत 'उद्याची कोंबडी' नावाची राष्ट्रीय स्पर्धा झाली. कमी दिवसांत अधिक मांस देणारी जात निपजविणे हा तिचा हेतू होता आणि तो पुरेपूर सफल झाला. आज मांसासाठी वाढविलेली कोंबडी साधारणतः सहा-सात आठवड्यांची असतानाच मारली जाते. पूर्वी सणावाराचे म्हणून असलेले मांस त्यामुळे रोजचे आणि स्वस्त झाले. स्वयंपाकघरात येते तेव्हा त्या मांसाला पीस नसते, डोके नसते, रक्तही जवळजवळ नसते. मारण्याचे काम कोणी तरी पगारावर, पाळीपाळीने करीत असतो. खाणाऱ्याच्या मनाला डाग लागत नाही, म्हणून त्याला आपण निष्पाप आहोत असे वाटते. न लागलेला डाग आणि न दिसलेला डाग यांतील भेद मात्र त्याच्या ध्यानी येत नाही.

यावर कोणी रोषाने विचारील, 'मग काय करावे? पुन्हा जात्यावर बसावे, चूल फुंकावी आणि प्रत्येक फळ स्वतःच्या अंगणात लावावे?' हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. उलट आमच्या विषयाचे मर्म येथेच आहे. कारण त्या जुन्या, स्वावलंबी म्हणून गौरविलेल्या स्वयंपाकघराचा हिशेब कोणी मांडला होता? वरण, भात, पोळी आणि एक भाजी हे जेवण साधे खरे, परंतु कोणासाठी? पाटावर बसणाऱ्यासाठी. जी बाई पहाटे उठून दळीत होती, विहिरीवरून पाणी आणीत होती, डाळ निवडीत होती, ओल्या लाकडांच्या धुराने डोळे चोळीत होती, तिला त्या जेवणात साधे असे काहीच दिसले नसेल. 'आम्हांला काय, पिठले-भात असला तरी चालतो' असे म्हणणाऱ्या गृहस्थाच्या निरिच्छपणाची आपल्या समाजाने पुष्कळ वाखाणणी केली. ते पिठले उभ्याने करणारीच्या पायांची चौकशी क्वचितच केली. श्रम नजरेआड करण्याची विद्या कारखान्याने शोधून काढलेली नाही. घराने ती फार पूर्वीच आत्मसात केली होती. फक्त तेथे श्रम समुद्रापलीकडे न जाता माजघराच्या भिंतीपलीकडे जात.

म्हणून दिवसभर कामावरून थकून आलेली एखादी अमेरिकन स्त्री डबा उघडून अर्ध्या तासात मुलांना जेवू घालते, तेव्हा तिला आळशी म्हणण्याचा अधिकार आपल्यांपैकी कोणासही नाही. तिची सुटका ही खरी सुटका आहे. इतकेच नव्हे, तर श्रम घरातून कारखान्यात गेल्याने एक नैतिक लाभही झाला, हे मान्य केले पाहिजे. मळ्यावरील श्रमाला मजुरी असते. मजुरी असली म्हणजे ती कमी आहे असे म्हणता येते. आणि तसे म्हणणारे पुष्कळ असले म्हणजे काम बंद ठेवता येते. १९५१ साली लानाई बेटावरील अननसाच्या मजुरांनी सुमारे सात महिने संप चालविला आणि शेवटी वाढीव मजुरी पदरात पाडून घेतली. माजघरातील स्त्रीला असा संप कधी करता आला नाही. कारण तिच्या कामाला काम हे नावच नव्हते. मोजले गेलेले श्रम अन्यायाने मोजलेले असू शकतात; परंतु न मोजलेल्या श्रमांना न्याय मागण्यास तोंडच नसते.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. ताटातील प्रत्येक कणामागे अशी अनंत साखळी असणार. मिठामागे आगर, तेलामागे घाणा, भांड्यामागे खाण. हा हिशेब पुरा कोण करू शकेल? आणि जो पुरा करता येत नाही तो अर्धवट करण्यात काय अर्थ? याचे उत्तर शोधताना आपल्या जुन्या धर्मशास्त्राकडे वळण्याचा मोह आम्हांस होतो. त्या शास्त्रातील पुष्कळ गोष्टी आज त्याज्य आहेत. परंतु 'पंचसूना' ही कल्पना विचारात घेण्यासारखी आहे. चूल, पाटा-वरवंटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातील पाच वधस्थाने मानली गेली. म्हणजे अगदी शुद्ध शाकाहारी, अगदी साध्या घरातही रोज काही ना काही हिंसा घडतेच, आणि तिच्या निष्कृतीसाठी गृहस्थाने रोज पंचमहायज्ञ करावेत, असे सांगितले. या कल्पनेतील शहाणपण असे की, तिने निष्पाप स्वयंपाक शक्य आहे असे खोटे आश्वासन दिले नाही. आणि तो शक्य नाही म्हणून स्वयंपाक सोडा असेही सांगितले नाही. ऋण फिटणार नाही हे ठाऊक असूनही ते रोज आठवावयाचे, आणि त्या आठवणीने दुसऱ्यासाठी काही बाजूला काढावयाचे, एवढाच तिचा आग्रह होता. जे ऋण फेडून मोकळे होता येते ते व्यापाराचे. जे फिटत नाही म्हणून वागणुकीला वळण लावते ते नीतीचे.

आजच्या गृहस्थाला ही वागणूक कशी ठेवता येईल? आम्हांस तीन गोष्टी सुचतात आणि त्यांपैकी एकीसाठीही डबा फेकून द्यावा लागत नाही. पहिली अशी की, साधेपणाचे श्रेय घेणे सोडावे. सोपा पदार्थ ही आपली कमाई नव्हे. ती आपल्याला मिळालेली सवलत आहे. दुसरी अशी की, स्वस्ताईला आपला हक्क समजू नये. मळ्यावर मजुरी वाढली म्हणून डबा दोन पैशांनी महागला, तर ती वाढ अन्याय्य नसून आधीची किंमतच अपुरी असण्याचा संभव आहे, एवढे मनात यावे. तिसरी गोष्ट घरातलीच, आणि म्हणून सर्वांत अवघड. समुद्रापलीकडील मजुराविषयी कळवळा बाळगणे सोपे असते. कारण त्याच्यासाठी उठून काही करावे लागत नाही. परंतु त्याच क्षणी आत भांडी कोण घासीत आहे, हे पाहून जो उठतो, त्याच्या कळवळ्यावर विश्वास ठेवता येतो.

तेव्हा आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे की, पदार्थाच्या साधेपणावरून खाणाऱ्याचा साधेपणा ठरत नाही. ज्याला आपल्या ताटामागची माणसे नाकारावी लागत नाहीत, तो पंचपक्वान्ने जेवला तरी साधा असू शकतो. आणि जो त्यांची आठवणही होऊ देत नाही, त्याच्या पिठले-भाताला साधे म्हणणे हा निव्वळ सौजन्याचा भाग आहे. त्या अननसाच्या कोंबडीविषयी म्हणाल तर ती भातावर ओतली जावी आणि मुलांनी ती मिटक्या मारीत खावी. तिची गोडी कमी व्हावी असे आम्हांस मुळीच वाटत नाही. मात्र जेवण आटोपल्यावर 'यात काय मोठेसे केले, अर्ध्या तासाचे तर काम' असे जे वाक्य सहज तोंडी येते, ते उच्चारण्यापूर्वी खाणाऱ्याने क्षणभर थांबावे.